विदुषी कमलाबाई सोहोनी

न उकळलेले, नुसते कोमट केलेले पेलाभर दूध घेऊन त्यात लिंबाच्या रसाचे थेंब पिळीत गेले, म्हणजे थोड्याच वेळात ते दूध नासते. घटकेपूर्वी जे एकजीव दिसत होते, त्याचे आता दोन भाग होतात. पांढरा चोथा एकीकडे पडतो आणि फिकट, हिरवट-पिवळसर पाणी दुसरीकडे होते. घरात दूध नासले, तर गृहिणीला हळहळ वाटते. परंतु रसायनशास्त्राच्या अभ्यासकाला त्याच नासलेल्या दुधात एक मोठा पाठ वाचावयास मिळतो. ते दूध पातळ फडक्यातून गाळले, तर फडक्यावर उरणारा चोथा हा मुख्यतः केसीन नावाच्या प्रथिनाचा आणि त्याने धरून ठेवलेल्या स्निग्धांशाचा असतो. खाली उतरलेल्या निवळीत दुधातील साखर व क्षार असतात. एवढ्यावरच हे संपत नाही. ती निवळी शिक्षकांच्या देखरेखीखाली उकळली, तर तिच्यातही बारीक पांढरे कण दिसू लागतात. आंबट रसाला जे दाद देत नाही. पण उष्णतेने मात्र साकळते, असे हे दुधातील दुसरे प्रथिन होय.

दुधात केसीनचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. त्या कणांवर एकाच प्रकारचा विद्युत्भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात व वेगवेगळे राहतात. आम्लाचा स्पर्श होताच तो भार नाहीसा होतो, कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा चोथा बनतो. छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या मोठ्या शाळेची सुसज्ज प्रयोगशाळा असो, की खेड्यातील एकशिक्षकी शाळेचा ओटा असो, हा प्रयोग कोठेही करता येतो. त्याला मौल्यवान उपकरणे लागत नाहीत; लागते ती केवळ बारकाईने पाहण्याची वृत्ती.

दुधातील, डाळीतील व कडधान्यांतील या प्रथिनांचा अभ्यास करण्याची इच्छा मनात धरून १९३३ साली एक महाराष्ट्रीय तरुणी बंगलोरच्या एका विख्यात विज्ञानसंस्थेच्या दाराशी जाऊन उभी राहिली. ते दार तिच्यासाठी बंद होते. तिच्या अंगी बुद्धी नव्हती म्हणून नव्हे, तिचे गुण कमी होते म्हणूनही नव्हे; ती स्त्री होती, एवढेच त्याचे कारण होते. ते दार तिने कसे उघडले आणि आत गेल्यावर कोणती कामगिरी केली, याची हकीकत म्हणजेच डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे चरित्र.

कमलाबाईंचे माहेरचे आडनाव भागवत. त्यांचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. भागवतांचे घराणे विद्याव्यासंगी होते. कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांचेही उच्च शिक्षण बंगलोरच्या भारतीय विज्ञानसंस्थेत झाले होते. जमशेटजी टाटा यांच्या दानातून १९०९ साली उभी राहिलेली ही संस्था लोकांच्या तोंडी टाटा इन्स्टिट्यूट या नावानेच रुळली होती. कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी दुर्गाबाई भागवत या पुढे मराठीतील थोर लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक म्हणून नावारूपास आल्या. १९७५ साली कऱ्हाड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. अशा घरात वाढलेल्या कमलाबाईंना ज्ञानाची गोडी लागली नसती, तरच नवल! वडिलांचा व चुलत्यांचा कित्ता गिरवून आपणही त्याच संस्थेत संशोधन करावे, हे स्वप्न त्यांनी विद्यार्थिदशेतच उराशी बाळगले होते.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. ची परीक्षा त्या रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या. गुणवत्ता यादीत त्यांचे नाव अग्रभागी होते. आता बंगलोरला प्रवेश मिळण्यास काहीच अडचण येणार नाही, अशा विश्वासाने त्यांनी अर्ज पाठविला. परंतु तो नामंजूर होऊन परत आला.

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. प्रकाशकिरणांसंबंधीच्या त्यांच्या शोधाबद्दल त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि साऱ्या देशाला त्यांच्याविषयी अभिमान वाटत होता. परंतु संशोधनाचे काम स्त्रियांना झेपावयाचे नाही, असा त्यांचा ग्रह होता. त्या काळी असा ग्रह करून घेणारे ते एकटेच नव्हते. भल्याभल्या विद्वानांचीही समजूत तशीच होती. नाव मोठे असले, की त्या नावापुढे लहान माणसे सहसा मुकाट्याने माघार घेतात. कमलाबाईंनी मात्र माघार घेतली नाही. त्या वडिलांसह बंगलोरला गेल्या, संचालकांना समक्ष भेटल्या आणि आपणांस प्रवेश का नाकारला जात आहे, याचे कारण त्यांनी विचारले. स्त्री असणे हे काही अपात्रतेचे कारण होऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या महात्मा गांधींच्या विचारांनी भारलेल्या पिढीतील होत्या. प्रवेश मिळेपर्यंत संचालकांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह करण्याचा निर्धार त्यांनी केला. त्यांच्या या निग्रहापुढे अखेर रामन यांना नमते घ्यावे लागले.

कमलाबाईंना प्रवेश मिळाला खरा, परंतु तो बिनशर्त नव्हता. पहिले वर्षभर त्यांना रीतसर विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. त्यांच्या कामाची परीक्षा होऊन मगच प्रवेश कायम व्हावयाचा होता. मार्गदर्शक सांगतील, तर रात्री उशिरापर्यंतही त्यांनी काम करावयाचे होते. आणि तिसरी अट अशी, की त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष सहकाऱ्यांच्या कामात व्यत्यय येता कामा नये. बरोबर शिकणाऱ्या एकाही तरुणाला अशा अटी घातलेल्या नव्हत्या. हा अपमान होता आणि कमलाबाईंना तो पुरेपूर जाणवला. रागाच्या भरात परत फिरणे सोपे होते. परंतु तसे केले असते, तर स्त्रियांना संशोधन जमत नाही, या समजुतीला बळकटीच आली असती. आपल्या कामानेच या समजुतीचे उत्तर द्यावयाचे, असे मनाशी ठरवून त्यांनी त्या अटी मान्य केल्या.

संस्थेत त्यांना श्रीनिवासय्या यांच्यासारखे गुरू लाभले. ते अत्यंत शिस्तप्रिय होते. शिष्याच्या हातून होणारे प्रत्येक काम चोख व्हावे, असा त्यांचा कटाक्ष असे. परंतु ज्ञान देताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाई दुधातील, डाळींतील व कडधान्यांतील प्रथिनांवर काम करू लागल्या.

हा विषय वरवर पाहता साधा वाटेल. परंतु तो आपल्या देशाच्या जीवनाशी निगडित होता. शरीराची वाढ आणि झीज भरून काढणे ही दोन्ही कामे प्रथिने करतात. गाईच्या शंभर ग्रॅम दुधात सुमारे सत्त्याऐंशी ग्रॅम पाणीच असते आणि प्रथिने अवघी तीन ते साडेतीन ग्रॅम असतात. परंतु तेवढ्यावर वासराचे शरीर उभे राहते. ज्या कोट्यवधी कुटुंबांना दूध पुरेसे मिळत नाही, त्यांची सारी भिस्त तूर, मूग, हरभरा, मसूर यांसारख्या धान्यांवर असते. या धान्यांत कोणती प्रथिने आहेत, ती किती आहेत आणि माणसाच्या शरीराला त्यांपैकी किती उपयोगी पडतात, हे जाणून घेणे म्हणजे गरिबाच्या ताटातील अन्नाची पारख करणे होय.

प्रथिने मोजावयाची कशी, हाही एक प्रश्नच असतो. प्रथिने तराजूच्या पारड्यात वेगळी काढून ठेवता येत नाहीत. परंतु सर्व प्रथिनांत नायट्रोजन हे मूलद्रव्य असते आणि सामान्यपणे शंभर भाग प्रथिनांत ते सुमारे सोळा भाग असते. म्हणून रसायनशास्त्रज्ञ प्रथम अन्नातील नायट्रोजन मोजतात व त्यावरून प्रथिनांचा हिशेब मांडतात. मात्र अन्नातील सगळाच नायट्रोजन प्रथिनांतला नसतो. तेव्हा तो निराळा काढल्याशिवाय हिशेब खरा ठरत नाही. अशा कामात एखाद्या थेंबाची चूकही सर्व श्रम वाया घालविते. तेथे धिमेपणा, स्वच्छता आणि सचोटी यांचीच कसोटी लागते.

वर्ष संपले. कमलाबाईंचे काम रामन यांनी पाहिले आणि त्यांचे समाधान झाले. कमलाबाईंचा प्रवेश कायम झाला. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यानंतर संस्थेची दारे इतर स्त्रियांनाही उघडी झाली. १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम्. एस्सी. ही पदवी त्यांनी विशेष गुणवत्तेने मिळविली. रामन यांच्या विद्वत्तेविषयी कमलाबाईंना नेहमीच आदर वाटे. परंतु आपणांस मिळालेली ती वागणूक अन्यायाची होती, हेही त्यांनी पुढे उतारवयात उघडपणे बोलून दाखविले. थोरांचा थोरपणा मान्य करावा आणि त्यांची चूक असेल, तर तीही निर्भयपणे सांगावी, असा त्यांचा स्वभाव होता.

यानंतर १९३७ साली कमलाबाई इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. त्यांचे नाव जगभर झाले होते, तेही दुधाच्या एका प्रयोगामुळे. प्रथिने, पिष्ट, साखर, चरबी आणि क्षार एवढे मिळाले, की प्राण्याच्या वाढीला आणखी काही लागत नाही, असा पूर्वी समज होता. हॉपकिन्स यांनी उंदरांच्या पिलांचे दोन गट केले. दोन्ही गटांना त्यांनी हेच शुद्ध पदार्थ खावयास दिले; परंतु एका गटाला त्याखेरीज रोज चमचाभराहूनही कमी असे दूध दिले. दूध मिळालेली पिले झपाट्याने वाढू लागली. ज्यांना दूध मिळाले नाही, त्यांची वाढ खुंटली. अठरा दिवसांनंतर त्यांनी दुधाची अदलाबदल केली. तेव्हा खुंटलेली पिले वाढू लागली आणि वाढणारी थांबली! एवढ्याशा दुधात असे काही तरी होते, की जे अत्यल्प असूनही जीवनाला अत्यावश्यक होते. त्यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगांनी जीवनसत्त्वांच्या ज्ञानाचा मार्ग मोकळा केला आणि १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा गुरुवर्यांच्या प्रयोगशाळेत कमलाबाई दाखल झाल्या. प्रथम डॉ. डेरेक रिक्टर आणि नंतर डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केले. हिल हे वनस्पतींच्या जीवनक्रियांचे अभ्यासक होते. प्राण्यांच्या पेशी जशा श्वसन करतात, तशाच वनस्पतींच्या पेशीही करतात. प्राण्यांच्या पेशींतील श्वसनक्रियेत सायटोक्रोम-सी नावाचे एक प्रथिन महत्त्वाचे काम करते, हे शास्त्रज्ञांना ठाऊक झाले होते. कमलाबाईंनी आपल्या रोजच्या परिचयाचा बटाटा अभ्यासास घेतला आणि त्यात हे द्रव्य असल्याचे दाखवून दिले. तेवढ्यावरून वनस्पतींच्या प्रत्येक पेशीच्या श्वसनाशी त्याचा संबंध आहे, असे प्रतिपादन त्यांनी केले. जमिनीखाली निश्चल पडून असलेला बटाटा आणि रानात धावणारे हरिण यांच्या पेशींत एकाच जातीचे द्रव्य एकच काम करीत असते, हे किती विलक्षण आहे! हा शोध त्यांनी सुमारे चौदा महिन्यांत पुरा केला. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. १९३९ साली केंब्रिजने त्यांना पीएच्. डी. ही पदवी दिली. विज्ञानशाखेत ही पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

परदेशात राहून मान व पैसा मिळविणे त्यांना अवघड नव्हते. परंतु देश पारतंत्र्यात असता आपल्या ज्ञानाचा उपयोग स्वदेशालाच झाला पाहिजे, या भावनेने त्या १९३९ सालीच परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू झाला होता. त्याच्या प्रमुखपदाची धुरा त्यांनी सांभाळली. पुढे निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथील पोषणसंशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक होऊन त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली श्री. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञानसंस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी कालखंड सुरू झाला.

आपल्या विद्यार्थ्यांसह त्यांनी पुन्हा डाळी, कडधान्ये व भात यांच्या परीक्षणास हात घातला. कच्च्या कडधान्यांत काही द्रव्ये अशी असतात, की ती पोटातील पाचक रसाच्या कामात अडथळा आणतात. मग कडधान्यांत प्रथिने विपुल असूनही ती अंगी लागत नाहीत. चांगले शिजविल्याने या द्रव्यांचा बराचसा नाश होतो. आपल्या आज्या-पणज्या उसळ मऊ शिजवीत, त्यात केवळ चवीचा प्रश्न नव्हता, हे यावरून ध्यानात येते.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. ताडामाडाच्या झाडापासून मिळणारा ताजा, न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. तिच्यात जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांना आढळले. आदिवासी भागातील कुपोषित मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरा दिली असता त्यांची प्रकृती सुधारते, असेही दिसून आले. ज्यांना दुधाचा घोट दुर्मिळ, त्यांच्यासाठी रानातलेच झाड मदतीस धावून आले! या कार्याबद्दल कमलाबाईंचा राष्ट्रपतिपुरस्काराने गौरव करण्यात आला.

दुधाशी त्यांचा संबंध मुंबईतही सुटला नाही. मुंबई शहराला दूध पुरविण्यासाठी १९४९ साली आरे येथे दुग्धवसाहत उभारण्यात आली. तेथील व्यवस्थापनाला दुधाचा दर्जा सुधारण्याच्या कामी कमलाबाई सल्ला देत असत. दूध हे जितके पौष्टिक, तितकेच नाजूक. त्यात शिरलेले सूक्ष्म जंतू दुधातील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि लिंबाचा थेंबही न पडता दूध नासते. आपण दुधाला विरजण लावतो, तेव्हा हेच काम चांगल्या जंतूंकडून हेतुपुरस्सर करवून घेतो व त्याचे दही होते. एका पेल्यातील दुधाला विरजण लावून तो उबदार जागी आणि दुसरा तसाच थंड जागी ठेवला, तर दुसऱ्या दिवशी दोहोंतील फरक कोणासही दिसेल. जंतूंना उबेत जोम येतो, थंडीत ते मंदावतात आणि पुरेशा उष्णतेने मरतात. म्हणूनच शहराला पाठवावयाचे दूध बहात्तर अंश सेल्सियसपर्यंत पंधरा सेकंद तापवून लगेच थंड करतात.

विद्वत्ता, अनुभव आणि कीर्ती एवढे सर्व असूनही अन्यायाने त्यांची पाठ सोडली नाही. विज्ञानसंस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असताना ते पद त्यांना सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले आणि याही वेळी त्यांचे स्त्री असणेच आड आले, असे मानले जाते. परंतु त्यांनी अध्यापनात वा संशोधनात कसूर केली नाही. संचालकपद मिळाल्यावर त्यांनी ते समर्थपणे सांभाळले आणि १९६९ साली त्या सेवानिवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहकांचे हित जपणाऱ्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेत त्यांनी हिरिरीने काम केले. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या आणि तिच्या नियतकालिकातून सामान्य ग्राहकांसाठी त्यांनी लेखही लिहिले. बाजारातून घरात येणारी वस्तू डोळे मिटून न घेता पारखून घ्यावी, ही दृष्टी अशा कार्यामुळे लोकांत रुजते. दुधाचीच गोष्ट घेतली, तर त्याची साधी पारख मुलांनाही करता येते. गुळगुळीत, उतरत्या काचेवर दुधाचा थेंब सोडावा. निर्भेळ दूध सावकाश ओघळते व मागे पांढरा माग ठेवते; पाणी मिसळलेले दूध माग न ठेवता झटकन वाहून जाते. थोडे दूध पाणी घालून उकळावे, निवू द्यावे आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. दूध निळे झाले, तर त्यात पिठाची भेसळ आहे असे समजावे. आयोडीन घातलेले दूध मात्र ओतून द्यावे, ते कधीही पिऊ नये.

कमलाबाईंच्या कार्याची खरी महती लोकांच्या लक्षात येण्यास पुष्कळ काळ जावा लागला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या महासंचालकपदी प्रथमच आलेल्या स्त्रीने, डॉ. सत्यवती यांनी, या वृद्ध विदुषीची कामगिरी जाणून घेऊन त्यांना सन्मानासाठी दिल्लीस पाचारण केले. त्या समारंभातच कमलाबाईंची प्रकृती एकाएकी बिघडली आणि त्यानंतर थोड्याच काळात, १९९८ साली, त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

लिंबाचा रस दुधात पडला, की दूध नासणारच. रस पिळणारा हात मुलाचा आहे की मुलीचा, हे दूध पाहत नाही. निसर्गाचे नियम सर्वांना सारखेच लागू असतात आणि ते जाणून घेण्याचा अधिकारही सर्वांना सारखाच असतो. हे सत्य थोरामोठ्यांच्याही ध्यानात आले नव्हते, अशा काळात कमलाबाईंनी ते आपल्या कष्टाने पटवून दिले. आज बंगलोरच्या त्या संस्थेत आणि देशभरच्या प्रयोगशाळांत असंख्य मुली निःशंकपणे संशोधन करीत आहेत. त्यांना दाराशी अडवून कोणी अटी घालीत नाही. त्या वाटेवरचे पहिले काटे एका निग्रही तरुणीने स्वतःच्या हातांनी वेचले होते, याचे स्मरण त्यांनी आणि आपण सर्वांनी ठेविले पाहिजे.